माजी विद्यार्थ्यांनी धाडलेला दगड

अमेरिकेत शाळेचं शेवटचं वर्ष जवळ आलं की घरोघरी एक यात्रा निघते. आईबाप आणि मूल गाडीत बसतात आणि कॉलेजं बघत हिंडतात. प्रत्येक कॉलेजात एखादा हसतमुख विद्यार्थी पुढे होतो, वीस-पंचवीस पालकांच्या घोळक्याकडे तोंड करून उलटा चालायला लागतो आणि हे वाचनालय, ही प्रयोगशाळा, हे जेवणघर असं करत सगळा परिसर फिरवून आणतो. उलटं चालताना तो एकदाही अडखळत नाही, याचं मला भारी कौतुक. बापमंडळी वसतिगृहाबद्दल विचारतात, आया जेवणाबद्दल. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप ते पोर मोबाइलमध्ये डोकं घालून, आपण यांच्यातले नाहीच अशा चेहऱ्यानं मागून येत असतं.

माझी नात त्या वयात आली तेव्हा मी ऑल्बनीला लेकीकडे होते. तिथून तासाभरावर विल्यम्सटाउन नावाचं गाव आहे, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पार वायव्य कोपऱ्यात, बर्कशरच्या डोंगरांत. गाव म्हणजे काय, एक रस्ता आणि एक कॉलेज. विल्यम्स कॉलेज १७९३ सालचं. विद्यार्थी जेमतेम दोनेक हजार, पण दबदबा मोठा. जावयांनी त्याच्या गुणवत्तेवर गाडीत जे व्याख्यान दिलं, ते मी बरंचसं झोपेत ऐकलं.

पोचल्यावर लेक म्हणाली, “आई, दीड तास चालायचंय आणि मधे चढ आहे. झेपेल तुला?” तिला “नाही” ऐकायचं होतं हे उघड होतं. जावई जास्त मुत्सद्दी. “आई, तुम्ही इथल्या म्युझियममध्ये बसा ना. तिकीट नाही, एसी आहे, बाथरूम चांगलं आहे.” या तीन गुणांत चित्रांचा उल्लेख कुठे नव्हता. पण माझे गुडघे जावयांच्या बाजूचे होते, म्हणून मी मान डोलावली.

म्युझियम म्हणजे कॉलेजचंच कलादालन. आम्ही गेलो तेव्हा ते लॉरेन्स हॉल नावाच्या जुन्या इमारतीत होतं. समोरच्या हिरवळीवर लुईझ बुर्जुआ या शिल्पकर्तीनं घडवलेले भलेमोठे डोळे ठेवलेले आहेत, नुसते डोळे, चेहरा नाही. एका बुबुळाला पाठ टेकून एक मुलगी सँडविच खात होती. आपल्याकडे असतं तर भोवती रेलिंग आलं असतं, ‘शिल्पास हात लावू नये’ अशी पाटी आली असती आणि उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांच्या नावाची फरशी तर आलीच असती.

इमारतीचा मूळ भाग १८४६ सालचा, विटांचा, अष्टकोनी. तेव्हा ते कॉलेजचं वाचनालय होतं. १९२६ साली कार्ल वेस्टन या प्राध्यापकांनी तिथे कलासंग्रह मांडायला घेतला. मुलांनी नुसत्या छापील प्रतिमांवर कला शिकू नये, खरी वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढे असावी, एवढा साधा हेतू. या साध्या हेतूचा मला हेवा वाटला. आमच्या कॉलेजात जिमखाना होता, एनसीसीची खोली होती, संस्थापकांचं तैलचित्र होतं. पण एखादं चित्र केवळ बघण्यासाठी टांगावं, असं कुणाच्या मनात आलेलं मी पाहिलं नाही. चित्रकलेची कॉलेजं सोडली तर आजही फारशी वेगळी परिस्थिती नसावी. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं आणि मराठ्यांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, पण पुण्यात जन्म काढलेली आणि तिथे कधीच न गेलेली माणसं माझ्या घरातच आहेत.

छोट्या कलादालनाचं एक सुख असतं. तिथे ‘हे बघितलंच पाहिजे’ असं काही नसतं. पॅरिसला मोनालिसा बघायला गेलो होतो तेव्हा मी मोनालिसा कमी आणि वर धरलेले मोबाइल जास्त बघितले. इथे दोन-तीन दालनांत मिळून मी आणि एक आजोबा, एवढीच गर्दी. पहाऱ्याला स्टुलावर एक विद्यार्थिनी, मांडीवर रसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक. मी आत आले तेव्हा तिनं ते घाईनं मिटलं आणि मी हसल्यावर पुन्हा उघडलं. भिंतीवर एडवर्ड हॉपरचं १९४४ सालचं एक चित्र होतं: सकाळच्या उजेडात खिडकीपाशी उभी असलेली एक विवस्त्र बाई, हातात टॉवेल, मागे न आवरलेला पलंग. मोठ्या संग्रहालयात या चित्रापुढे उभं राहताना, आपण फार वेळ बघतोय असं कुणाला वाटेल का, हा विचार आला असता. इथे मी तिच्याइतकीच निवांत उभी राहिले. तिच्या खांद्यांवरचा थकवा मला ओळखीचा वाटला. सकाळी उठल्या उठल्या आलेला थकवा तो.

तिथून पुढच्या दालनात वळले आणि समोर पंख.

माणसाहून उंच अशी राखी-पिवळसर दगडाची शिळा भिंतीत बसवलेली, तिच्यावर उठावात कोरलेला दाढीवाला पुरुष, आणि त्याच्या पाठीवरून फुटलेले लांबलचक पंख. मला वाटलं, याला मी कुठेतरी पाहिलंय. मग आठवलं, मुंबईत, फोर्टमधल्या एका अग्यारीच्या दाराशी. तिथले पंखधारी बैल आणि त्यांची दाढीवाली माणसाची तोंडं इराणच्या पर्सेपोलिसवरून घेतलेली आहेत आणि पर्सेपोलिसनं ती घेतली त्यांच्या आधीच्या असिरियाकडून. बँकेत जाता-येता त्या रस्त्यानं मी इतकी वर्षं चालले होते, की त्या घराण्यातला मूळ पुरुष बर्कशरच्या डोंगरांत भेटला तरी मी त्याला बुजले नाही.

तो आहे निमरूदचा. आजच्या इराकमध्ये मोसुलच्या दक्षिणेला, टायग्रिसच्या काठी, कल्हू नावाची असिरियन राजधानी होती, तेच हे निमरूद. राजा दुसरा अशुरनासिरपाल, इसवी सनापूर्वी ८८३ ते ८५९. त्यानं तिथे राजवाडा बांधला आणि भिंतींना खालपासून अशा शिळा लावल्या. वास्तुशांतीला त्यानं किती पानं वाढली तेही त्यानं दगडावर लिहून ठेवलंय: ६९,५७४ माणसं, दहा दिवस. शेवटचा आकडा चार आहे हे मला विशेष आवडलं. नुसतं सत्तर हजार म्हणून तो थांबला नाही, कुणीतरी खरोखर मोजलं असणार, किंवा मोजल्याचं सोंग फार हुशारीनं वठवलं असणार.

मी जवळ गेले. लांबून जो एक भरीव पुरुष वाटत होता, त्याच्यात जवळून बघताना नुसतं बारीक काम निघत गेलं. दाढीचा प्रत्येक पीळ वेगळा, आणि मधे मधे आडवे पट्टे. पोटरीचे स्नायू मात्र असे ताणलेले की दगडाच्या आत दोर वळून ठेवलेत. दंडावर वाकी, मनगटावर पाकळ्यांचं गोल फूल बसवलेलं कडं. आजही हुपरीच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेल. या राजवाड्यातल्या अशा बऱ्याच पंखधाऱ्यांच्या एका हातात छोटी बादली आणि दुसऱ्यात देवदाराच्या जातीच्या झाडाचं बोंड असतं. बादलीत बोंड बुडवून राजावर, दारावर, पवित्र झाडावर शिंपायचं, म्हणजे वाईट काही आत येत नाही. दारावर रक्षक का हवा हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पहाऱ्यावरची मुलगी उठून आली. मला वाटलं, फार पुढे आलात म्हणून सांगणार. पण ती म्हणाली, समोरून बघू नका, बाजूला उभ्या राहा आणि वस्त्राच्या कडेकडे बघा. मी भिंतीला जवळजवळ गाल लावून बघितलं. बाजूनं येणाऱ्या उजेडात वस्त्राच्या काठावर सुईनं ओढल्यासारख्या रेघा दिसायला लागल्या: नक्षी, झालर, गोंडे. पैठणीचा काठ उलटून मागची वीण तपासावी तसं मी ते तपासलं आणि मनात पास केलं. इतकं बारीक काम करायचं, आणि तेही मशालीच्या नाहीतर दाराकडून येणाऱ्या उजेडात बघायचं. कोणासाठी? मूळ शिळा रंगवलेल्या असत; काहींवर अजून काळ्या, लाल रंगाचे अंश सापडले आहेत. म्हणजे ही राखाडी गंभीर शोभा काळाची. राजाचा दिवाणखाना चांगलाच भडक असणार.

आणि या सगळ्यावरून, मांडीवरून, झालरीवरून, थेट आडव्या ओळींत बाणाच्या टोकासारखी अक्षरं चाललेली. शिल्पाची काही पत्रास न ठेवता. निमरूदच्या शिळांवर हाच मजकूर पुनःपुन्हा कोरलेला आहे: मी कोण, माझा बाप कोण, माझा आजा कोण, मी कोणकोणते मुलूख जिंकले, आणि देवदार, सायप्रस, पिस्ता अशी कोणकोणती लाकडं वापरून हा वाडा बांधला. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, बिरुदं कोरून ठेवली आहेत. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलेलं आहे. सूर तोच. फरक इतकाच, की तिथे कौतुक करायला आई आहे. इथे सगळं स्वतःच बोलायचं, म्हणून बहुधा भिंतीभिंतीवर बोलायला लागलं.

शेवटी मी पाटी वाचली. खरं तर पाटी आधी वाचतात, पण चष्मा पर्समध्ये तळाशी होता. शिळा कॉलेजला आली १८५१ साली. पाठवणारा ड्वाइट मार्श, विल्यम्सचा १८४२ सालचा पदवीधर, मोसुलमधला मिशनरी.

मोसुलमधलं ते मिशन ‘अमेरिकन बोर्ड’चं होतं आणि या बोर्डाशी माझी जुनी ओळख आहे, कारण मी नगरची. आता अहिल्यानगर झालं, पण आम्ही नगर म्हणूनच मोठे झालो. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मास्तर राहायचे. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या आणि दिवाळीत आमच्याकडच्या त्यांच्याकडे जायच्या. दोन्हींच्या सारणात काडीचा फरक नसायचा. त्यांच्या टेबलावर ‘ज्ञानोदय’ असायचा. १८४२ साली नगरला निघालेलं पत्र. ते काढणारं अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाची शाखा. म्हणजे मार्श विल्यम्समधून पदवी घेऊन बाहेर पडत होता, त्याच साली आमच्या गावात त्याच्याच मंडळाचे लोक मराठी पत्र काढत होते.

हे बोर्ड स्थापन झालं १८१० साली, पण त्याची सुरुवात सांगतात ती याच कॉलेजातली. १८०६ च्या उन्हाळ्यात इथले पाच विद्यार्थी प्रार्थनेला बाहेर पडले होते. वादळी पाऊस आला. जवळच्या वाळल्या गवताच्या गंजीआड त्यांनी आसरा घेतला आणि तिथेच आशियात धर्मप्रसाराला जायचं ठरवलं. त्यांच्या मागोमाग याच कॉलेजातून १८०८ साली बाहेर पडलेला गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये खरोखरच मुंबईच्या बंदरात उतरला. कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. कलकत्त्याहून हाकललेले, मुंबईतूनही परत पाठवायचा घाट घातलेला. ते टिकले. हॉल मराठी शिकला, त्यानं रस्त्यावर उभं राहून मराठीत व्याख्यानं दिली आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं वारला. त्याच्या मिशननं मुंबईत छापखाना काढला, १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. नगरला याच मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि त्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेला एक पोरगा म्हणजे जावजी दादाजी, पुढे निर्णयसागरचे मालक. आमच्या घरी देवघराच्या भिंतीला खिळ्यावर निर्णयसागर पंचांग लटकलेलं असे. एकादशी कधी, ग्रहणाचे वेध कधी लागणार, हे सारं आजी त्यातून बघायची. ती अक्षरं घडवणाऱ्या हाताला पहिलं वळण बायबल छापणाऱ्यांकडे लागलं होतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं पंचांगावर गोमूत्र शिंपडलं असतं, पण एकादशी त्यातच बघितली असती.

अशी मी त्या पंखवाल्यासमोर बाकावर बसले होते. एकाच कॉलेजातून निघालेली माणसं, एक वाट आमच्या दारात आली, दुसरी त्याच्या. आमच्याकडे त्यांनी आणून दिलं, त्याच्याकडून उचलून नेलं. ‘दिलं’ आणि ‘नेलं’ इतकं सोपं ते नव्हतं, हेही मला कळतं. आमच्याकडे आणलेल्या प्रत्येक शाळेमागे आमचे देव खोटे आहेत हे आम्हाला पटवण्याची घाई होती. आणि शिळा नेण्यामागेही कलेचं प्रेम वगैरे अजिबात नव्हतं. निनवे, असिरिया ही नावं बायबलच्या जुन्या करारात आहेत. जमिनीतून असिरियन राजे निघाले म्हणजे बायबल अक्षरशः खरं, असा त्यांचा हिशेब. शिळा हव्या होत्या त्या साक्षीदार म्हणून. त्यांच्यावर जी अक्षरं कोरली आहेत, ती तेव्हा धड वाचताही येत नव्हती. साक्षीदार काय बोलतोय हे कळायच्या आतच त्याला पिंजऱ्यात उभं केलेलं.

मग लागली चढाओढ. विल्यम्सला शिळा मिळाल्या म्हटल्यावर ॲमहर्स्ट कॉलेजला हव्या झाल्या. ॲमहर्स्टचं आणि विल्यम्सचं हाडवैर जुनं. विल्यम्सचेच अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि १८२१ मध्ये ते दुसरं कॉलेज उभं राहिलं. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नाही. ॲमहर्स्टचा १८४९ चा पदवीधर डॉक्टर हेन्री लॉब्डेल मोसुलला होता. त्यानं आपल्या कॉलेजसाठी शिळा मिळवल्या आणि १८५५ साली, तिशीच्या आत, तिथेच मेला. मग डार्टमथनं आपला माजी विद्यार्थी गाठला, त्यांच्याकडे १८५६ मध्ये पोचल्या. मग बोडन कॉलेज. उत्खननाचा परवाना तुर्की सुलतानानं इंग्रजांना दिलेला होता. लेयार्ड, रॉलिन्सन ही तिथली इंग्रज मंडळी लंडनला हवं ते पाठवून उरलेलं वाटत होती. मिशनरी मागायचे, ते द्यायचे. मोसुलच्या कुणा रहिवाशाला कुणी विचारलं होतं, असं काही कुठे दिसत नाही.

शिळा जड म्हणून त्या करवतीनं मागून कापायचे. पुढचा कोरीव पापुद्रा ठेवायचा, मागचा दगड टाकून द्यायचा. उभ्या-आडव्या कापून तुकडे करायचे, खोक्यांत भरायचे, आणि उंटांच्या पाठीवर टाकून वाळवंटातून भूमध्य समुद्राच्या काठी इस्कंदरूनला, तिथून जहाजानं अमेरिकेला. समोरच्या शिळेवर मी सांधे शोधले. शोधले की सापडतात. त्यानंतर पंखांची पिसं बघताना नजर पुनःपुन्हा त्या सांध्यांशीच जाऊन अडायला लागली.

लेयार्डच्या शिळांची वाट मात्र वेगळी होती. फुगवलेल्या बकऱ्यांच्या कातड्यांच्या तराफ्यावर टायग्रिसमधून बसऱ्याला, तिथून मुंबईला, आणि मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून लंडनला. मुंबईत ही खोकी उघडली गेली. लोकांनी शिल्पं बघितली, पुन्हा भरताना हयगय झाली, आणि लेयार्ड त्यावर चांगलाच चिडला. त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण मी मुंबईच्या बाजूची. बंदरात तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा आलाय म्हटल्यावर झाकण उघडून बघणार नाही तो मुंबईकर कसला! मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, जुन्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, निमरूदच्या राजवाड्यातल्या शिळा आजही आहेत. सहलीला आलेली शाळेतली पोरं त्यांच्यापुढून पळत जातात.

अशा वस्तूंबद्दल एक युक्तिवाद हल्ली नेहमी ऐकू येतो. २०१५ साली इस्लामिक स्टेटवाल्यांनी निमरूदचा राजवाडा स्फोटकांनी उडवला, त्याची फीतही जगाला दाखवली. तेव्हा बघा, नेलं म्हणून वाचलं. मला हा युक्तिवाद पटत नाही. शेजाऱ्याच्या घराला दीडशे वर्षांनी आग लागली, म्हणून आधी उचलून आणलेला त्याचा हंडा माझा होत नाही. आणि ही माणसं वाचवायला गेलीच नव्हती. वाचवणाऱ्यानं दगड करवतीनं कापला नसता. पण दुसऱ्या टोकाचं, सगळं उद्या सकाळी परत करा, हेही माझ्या तोंडून पटकन निघेना. तो राजवाडा त्या आधीही एकदा लुटला गेलाच होता. असिरियाचं साम्राज्य कोसळलं तेव्हा शत्रूंनी वाड्यात शिरून शिल्पांवर सूड उगवला. बोडन कॉलेजातल्या शिळेवर राजाच्या धनुष्याचा आणि घोट्याचा भाग मुद्दाम छिन्नीनं तोडलेला आहे, असं अभ्यासक दाखवतात. दगडातल्या राजानंसुद्धा पुन्हा उठून चालू नये.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. व्हर्जिनियातल्या एका धर्मविद्यालयाकडे अशाच मिशनरी मार्गानं आलेली एक शिळा होती. २०१८ मध्ये त्यांनी ती न्यूयॉर्कला लिलावात काढली. सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरला गेली, तेव्हाच्या भावानं सव्वादोनशे कोटी रुपये. इराकनं हरकत घेतली. काही उपयोग झाला नाही. पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना म्हणे. देवाचा पुरावा म्हणून आणली, कला म्हणून टांगली आणि गरज पडली तेव्हा रोखा म्हणून वटवली. तीन वेळा धंदा बदलला त्या दगडानं. विल्यम्समधला हा पंखवाला निदान अजून शिकवण्याच्या कामावर आहे. मी बसले होते तेवढ्यात एक मुलगा आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि वहीत त्याचा हात काढायला लागला. चार वेळा खोडलं. पाचव्यांदा मनगट जमलं. त्याला त्या कड्याची फुलं काढायचा कंटाळा आला आणि त्यानं तिथे नुसता गोल करून टाकला.

पहाऱ्यावरच्या मुलीला मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत गॉर्डन हॉलची गोष्ट सांगितली. तिला गंजीची गोष्ट माहीत होती. परिसरात त्याचं स्मारकच आहे. पुढे ती माणसं कुठे गेली, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. “म्हणजे तुमच्या गावात?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, माझ्या गावात. तिनं रसायनशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘अहमदनगर’ लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. मग मला कुठे बसून जेवता येईल ते सांगितलं.

दुपारी सगळे मिळून ते स्मारक बघायला गेलो. झाडांच्या मधे संगमरवराचा खांब, वर पृथ्वीचा गोल, खाली कोरलेली गवताची गंजी आणि त्या पाच जणांची नावं. सगळ्या जगालाच शेत म्हणणारं बायबलातलं वचनही. १८६७ सालचं आहे. गॉर्डन हॉलचं नाव त्यात नाही, कारण त्या पावसात तो गंजीआड नव्हता. ज्यांनी ठरवलं त्यांची नावं दगडावर आली. जो आला आणि नाशिककडच्या दौऱ्यात मेला, त्याचं नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा जावई म्हणाले, “ऑफिसात पण असंच असतं, आई.”

नातीला स्मारकात रस नव्हता. दौऱ्यातली एकच गोष्ट तिनं उचलली होती आणि ती मी शोधूनही मला सापडली नसती. या कॉलेजात मुलांना दालनातलं खरं चित्र सत्रभर आपल्या वसतिगृहाच्या खोलीत टांगायला मिळतं, आणि त्यासाठी मुलं रात्रीपासून रांग लावतात. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात तर हे १९४० पासून चालू आहे, पाच डॉलर भाडं, आणि त्यात पिकासोच्या मुद्राचित्रांचाही नंबर लागतो, असं तिनं मोबाइलवर शोधून सांगितलं. पाच डॉलरमध्ये पिकासो! लेक म्हणाली, “आणि त्याच्यावर कॉफी सांडली तर?” यावर नातीकडे उत्तर नव्हतं, पण ती गप्पही बसली नाही. गाडी सुरू झाली तरी काय टांगायचं ही चर्चा चालूच. तिला हॉपरची बाई हवी होती. लेकीनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

“आजी, तुला काय हवं असतं?”

“मला तो पंखवाला.”

“दगड देत नाहीत गं.”

“देत असते तरी उपयोग नाही,” जावई गिअर टाकत म्हणाले. “हॉस्टेलच्या भिंतीला खिळा ठोकायला बंदी आहे. मी विचारून घेतलंय.”